वाचनालयाच्या भिंतीवरची एक तसबीर : ठेवावी की उतरवावी?

धुऱ्यावरून (धागाकर्ता)
आमचे गाव वरोरा तालुक्यात आहे. ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीत वाचनालय चालते आणि दर वर्षी १० डिसेंबरला, म्हणजे मानवी हक्क दिनी, तिथे छोटा कार्यक्रम होतो. काही वर्षांपूर्वी पोरांनी भिंतीवर तसबिरी लावल्या. त्यांची सुरुवात अर्थातच बाबा आमटे यांच्यापासून झाली. १९८८ साली संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्क पुरस्कार बाबांना मिळाला, त्याच यादीत तुरुंगात असलेल्या नेल्सन मंडेला यांचे नाव होते. युरोपीय संसदेने त्याच वर्षी विचारस्वातंत्र्यासाठी साखारोव पुरस्कार सुरू केला, तेव्हा पहिले मानकरीही मंडेलाच ठरले आणि त्यांच्यासोबत मरणोत्तर सोव्हिएत राजकीय कैदी अनातोली मार्चेन्को. या दुव्यामुळे बाबांच्या शेजारी साखारोव पुरस्काराच्या मानकऱ्यांची रांग लागली.

वाद त्या रांगेतील म्यानमारच्या नेत्या आंग सान सू ची यांच्या तसबिरीचा आहे. त्यांना हा पुरस्कार १९९० साली नजरकैदेत असताना मिळाला आणि प्रत्यक्ष स्वीकारता आला २०१३ साली. पुढे त्या सत्तेत आल्या. २०१७ मध्ये म्यानमारच्या लष्करी कारवाईमुळे सात लाखांहून अधिक रोहिंग्या मुस्लिम बांगलादेशात पळाले, आणि डिसेंबर २०१९ मध्ये सू ची स्वतः हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात आपल्या देशाचा बचाव करण्यास उभ्या राहिल्या. सप्टेंबर २०२० मध्ये युरोपीय संसदेने त्यांना साखारोव मानकऱ्यांच्या मंडळातून निलंबित केले. ज्यांनी पुरस्कार दिला त्यांनीच जर त्यांना पंक्तीतून उठवले असेल, तर आमच्या भिंतीवर त्यांनी का बसावे? माझे मत तसबीर उतरवावी असे आहे. वाचनालयात मात्र यावर दोन तट पडले आहेत, म्हणून इथे विचारतो.

वर्धाकाठ
भाऊ, एकच कशाला, सगळी रांगच उतरवा. हा पुरस्कार युरोपातील खासदार ठरवतात, आणि त्यांची नजर कुठे जाते ते यादीच सांगते. क्युबातील विरोधकांना २००२, २००५ आणि २०१० असा तीन वेळा मिळाला. भारतातील एकालाही आजवर मिळालेला नाही. जंगलासाठी, जमिनीसाठी, धरणाखाली गेलेल्या गावांसाठी झगडणारी माणसे आपल्याकडे काही कमी नाहीत. पन्नास हजार युरो देऊन आपल्या गैरसोयीच्या सरकारांना टोचायचे आणि त्याला स्वातंत्र्य म्हणायचे, हा साहेबी न्याय आपण खेड्यातल्या पोरांच्या डोक्यावर का टांगावा? बाबांची तसबीर एकटी असली तरी भिंत रिकामी दिसणार नाही.

सातबारा
वर्धाकाठ दादा, यादी पूर्ण वाचा ही विनंती. १९९२ साली हा पुरस्कार अर्जेंटिनातील त्या आयांना मिळाला, ज्या लष्करी राजवटीत नाहीशा झालेल्या आपल्या लेकरांचा पत्ता विचारत चौकात फेऱ्या घालत असत. ती राजवट कम्युनिस्टविरोधी होती. १९९५ साली तो कुर्द खासदार लैला झाना यांना मिळाला. त्यांना तुरुंगात टाकणारा तुर्कस्तान नाटोचा सदस्य, म्हणजे युरोपाच्या घरातलाच गडी. देणाऱ्यांचे राजकारण असते हे मला मान्य आहे, पण ज्याला मिळाला त्याचे भोगणे त्यामुळे खोटे ठरत नाही. हिजाबच्या कारणावरून पकडल्यावर पोलीस कोठडीत मरण पावलेल्या इराणच्या महसा अमिनी यांना २०२३ साली मरणोत्तर पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा इराणी सरकारने त्यांच्या घरच्यांना स्ट्रासबर्गला जाऊ दिले नाही. पुरस्कार निव्वळ शोभेचा असता तर विमानतळावर कोणी अडवले असते का?

मूळ प्रश्नावर मात्र मी धागाकर्त्यांच्या बाजूने आहे. रोहिंग्या बायांवर झालेले अत्याचार ज्यांनी पाहूनही पाहिले नाहीत, त्यांच्या तसबिरीखाली बसून मुलींना हक्क शिकवणे मला जमणार नाही.

झाडीपट्टीकर
मी धानोऱ्याकडचा. आमच्या भागात मेंढा (लेखा) या गावाचा दाखला सगळ्यांना ठाऊक आहे : २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवणारे हे गाव निर्णय बहुमताने नव्हे तर सर्वसहमतीने घेते, आणि त्याआधी अभ्यास गटात विषय चोळून काढते. तुमच्या दोन तटांनी हात वर करून तसबीर उतरवली, तर ज्यांचे हात खाली राहिले ते पुढच्या १० डिसेंबरला येणार नाहीत. तेव्हा आधी अभ्यास करा.

अभ्यासाला बसलात तर दोन गोष्टी समोर ठेवा. पहिली, युरोपीय संसदेने त्यांना मंडळाच्या कामातून निलंबित केले, पुरस्कार काढून घेतला नाही. १९९० सालची त्यांची नजरकैद पुसता येत नाही हे तिथल्या लोकांनाही कळले असावे. दुसरी, फेब्रुवारी २०२१ मध्ये लष्कराने सत्ता बळकावली आणि त्याच सू ची पुन्हा कैदेत गेल्या. आज तसबीर उतरवणे म्हणजे कैद्याची तसबीर उतरवणे होय, आणि तीही नेमक्या त्या सेनापतींच्या मनासारखी.

शाळामास्तर
विज्ञान शिकवतो म्हणून एक भर घालतो. ज्यांच्या नावाने पुरस्कार आहे ते आंद्रेई साखारोव सोव्हिएत हायड्रोजन बॉम्बच्या कर्त्यांपैकी होते. पुढे तेच अणुचाचण्यांविरुद्ध आणि कैद्यांसाठी बोलू लागले, १९७५ साली त्यांना शांततेचे नोबेल मिळाले, आणि १९८० साली त्यांना गॉर्की शहरात हद्दपार करण्यात आले. मार्चेन्को डिसेंबर १९८६ मध्ये राजकीय कैद्यांच्या सुटकेसाठी केलेल्या दीर्घ उपोषणानंतर तुरुंगात वारले. त्यानंतर काही दिवसांतच सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांचा फोन आला आणि साखारोव सुटले. माणूस बॉम्बकडून विवेकाकडे येऊ शकतो, तसा उलटाही जाऊ शकतो. साखारोवांचा प्रवास आपण पूर्ण सांगतो, बॉम्बसकट. मग सू ची यांचा अर्धाच का सांगायचा, किंवा मुळीच का सांगायचा नाही?

वर्धाकाठ
मास्तर, तुलना जुळत नाही. साखारोव चुकले ते आधी आणि सुधारले ते नंतर. इथे क्रम उलटा आहे. शिवाय मान परत करण्याची रीत आपल्या मातीत आहे : नर्मदेच्या खोऱ्यातील आदिवासींसाठी बाबांनी १९९१ साली पद्म सन्मान सरकारला परत केले. ज्याला मान जड होतो तो स्वतः उतरवतो. हेगमध्ये उभ्या राहण्याआधी सू ची यांना तो मार्ग मोकळा होता.

लैला झाना यांच्याबद्दल सातबारा ताईंनी सांगितले ते मला माहीत नव्हते. सगळी रांग उतरवा हे माझे म्हणणे मी मागे घेतो. ही एक तसबीर उतरवा हे घेत नाही.

धुऱ्यावरून
बाबांचा दाखला माझ्याही मनात होता, पण तो मला दुसऱ्या बाजूने लागला. घेणाऱ्याने परत करणे आणि देणाऱ्याने हिसकावणे यांत फरक आहे, आणि आम्ही तर ना देणारे ना घेणारे, नुसते खिळा ठोकणारे. झाडीपट्टीकरांचा कैद्याचा मुद्दा वाचून माझे मत डळमळले, हे कबूल करतो. काल संध्याकाळी वाचनालयात हा धागा वाचून दाखवला. उतरवा म्हणणाऱ्यांतील निम्मे लोक एका अटीवर थांबायला तयार झाले : तसबिरीखालच्या पाटीवर आज फक्त ‘१९९०’ आहे, तिथे २०१७, २०१९ आणि २०२१ हेही लिहावे, आणि रोहिंग्या हा शब्द स्पष्ट असावा.

सातबारा
शब्द स्पष्ट असेल तर माझी हरकत राहणार नाही, मात्र ‘दुर्दैवी घटना’ असला गुळमुळीत मजकूर नको. घरे जाळली, माणसे मारली, लाखो पळाले, असे लिहा. सू ची यांनी त्याचा बचाव केला, हेही लिहा.

धुऱ्यावरून
पत्र्याची पाटी वीतभर आहे, त्यात चार ओळी बसतील. ताई, पहिला मसुदा तुम्हीच इथे टाकावा. कापूस वेचणीच्या दिवसांत आमचा पेंटरही वावरातच असतो, त्यामुळे मजकूर या आठवड्यात हातात आला तरच १० तारखेपूर्वी रंग वाळेल.