पिएर पुजादबद्दल काय वाचू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आमचं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे, म्हणूनच असेल, पण पिएर पुजाद हा फ्रेंच दुकानदारांचा नेता मनातून जात नाही. फ्रान्समधल्या सँ-सेरे या छोट्या गावात त्याचंही असंच दुकान होतं. जुलै १९५३ मध्ये करवाले हिशेब तपासायला आले, तेव्हा त्यानं गावातले दुकानदार गोळा केले आणि त्यांना तपासणी करूच दिली नाही. त्यातून संघटना उभी राहिली. १९५६ च्या फ्रेंच संसदेच्या निवडणुकीत तिला तब्बल ५२ जागा! पुढे कडव्या उजव्यांचा नेता झालेला तरुण ज्याँ-मारी ल पेन त्या निवडून आलेल्यांतलाच. १९५८ नंतर मात्र सगळा जोर ओसरला. इतक्या लवकर का? पुजादची ज्यूद्वेषी भाषा मला फार खटकते, तीही नीट समजून घ्यायचीय. कुणी फ्रेंच वाचणारं आहे का इथे? कुठून सुरुवात करू, कृपया सांगा.