रिमवर ग्रॅम वाचवू नका, मागच्या चाकात तर मुळीच नको

दगडवाट:
माउंटन बाइकला नवी चाकं घ्यायची म्हटलं की पहिला प्रश्न वजनाचा. जोडी १४०० ग्रॅमची की १८०० ची? माझ्या मते सुरुवातच चुकते.

दोन वर्षांपूर्वी मी २९ इंची हलकी जोडी घेतली. रिम ४०० ग्रॅमच्या आसपास, पुढेमागे २८ तारा, मधल्या भागात १.५ मिमीपर्यंत बारीक केलेल्या. पहिले दोन महिने सायकल नुसती उडत होती. मग एका चढावर मागून टणकन आवाज आला आणि चाक ब्रेकच्या बाजूला झुकलं. तार तुटली होती. पुढच्या महिनाभरात आणखी दोन गेल्या. तिन्ही एकाच जागी तुटल्या, चाकाच्या मधोमध असलेल्या हबच्या भोकातून बाहेर पडताना तार जिथे वळते त्या कोपरात. तुटलेलं टोक उन्हात धरून पाहिलं. अर्धा भाग गुळगुळीत आणि काळपट, उरलेला चकचकीत, खडबडीत. म्हणजे तडा आधीपासून होता आणि मी त्याच चाकावर दगडांतून उतरत होतो.

त्यानंतर एका उतारावर रिम दगडावर आपटली. काठाला तीन बोटं रुंद पोचा पडला, ट्यूबलेस टायर तिथून हवा सोडायला लागला, आतलं भोक बुजवणारं सीलंट फेसाळत बाहेर आलं. नऊ किलोमीटर सायकल ढकलत आलो.

आता हिशोब बघा. बॅगेसकट मी ९२ किलो, सायकल १३. जोडीमागे ३०० ग्रॅम वाचवले तरी एकूण वजनाच्या ०.३ टक्केसुद्धा होत नाहीत. सलग तासाभराच्या चढाला जेमतेम दहा सेकंद. त्या दहा सेकंदांसाठी रानात अडकायचं?

माझं मत असं: मागे ३२ तारा, २.० मिमीच्या आणि मधे १.८ पर्यंत बारीक केलेल्या, निपल (तार रिममध्ये आवळणारे छोटे नट) पितळी, रिम ॲल्युमिनियमची, आतून ३० मिमी रुंद आणि जाडसर. पुढे २८ तारा चालतील. माझी आताची जोडी १८५० ग्रॅमची आहे आणि मला ती जड वाटत नाही.

चढवेडी:
तुमचा त्रास समजला, पण तुमच्या वजनावर काढलेला नियम सगळ्यांना लावू नका. मी ५६ किलोची. सायकल धरून ६८. तेच ३०० ग्रॅम माझ्याकडे जवळजवळ अर्धा टक्का होतात. शर्यतीत पंधरा सेकंद म्हणजे दोन-तीन जणी मागे टाकता येतात.

शिवाय तुमचा हिशोब सलग चढाचा आहे. डोंगरातली वाट सलग असते कुठे? वळण आलं की ब्रेक, मग परत जोर. दगडाची पायरी आली की दोन पॅडलचा झटका. चाकाच्या कडेवरचं वजन पुढेही जातं आणि गोलही फिरतं, म्हणून वेग वाढवताना ते जवळपास दुप्पट मोजावं लागतं. हबमधले ५० ग्रॅम आणि रिममधले ५० ग्रॅम सारखे नाहीत. हलकं चाक दगडावरून उडालं की लवकर खाली येतं, सस्पेन्शनला कमी झुंजावं लागतं. आखूड वळणात हँडल वळवतानाचा फरक तर हाताला लगेच कळतो.

माझी रिम तुमच्या जुन्या रिमइतकीच हलकी, तारा २८ च. तीन हंगाम झाले. आऊट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, काढायची वेळ एकदाच आली.

दगडवाट:
वेग वाढवायला लागलेली ताकद कुठे पळून जात नाही. पॅडल थांबवलं की तेच चाक ती परत देतं. वाया जातं ते फक्त ब्रेकमध्ये. वजनाचा मुद्दा मात्र मान्य. मी ८० किलोच्या वरच्यांसाठी बोलतोय असं धरा.

तारपाना:
मी चाकं बांधतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. दगडवाट, तुमच्या तारा बारीक होत्या म्हणून तुटल्या नाहीत. त्या ढिल्या होत्या म्हणून तुटल्या.

चाक फिरताना जमिनीजवळ आलेल्या तारेचा ताण थोडा उतरतो, वर गेली की परत चढतो. २९ च्या चाकात हे किलोमीटरमागे सव्वाचारशे वेळा घडतं. मुळात ताण भरपूर असेल तर तार कायम ओढलेलीच राहते. कमी असेल तर खाली येताना पार सैल पडते, कोपर हबच्या भोकात हलतं आणि रोजच्या हजारो हेलकाव्यांनी तिथे तडा जातो. तुम्ही पाहिलेला गुळगुळीत काळपट भाग तो हाच. मधे बारीक केलेली तार उलट कोपराला वाचवते, कारण ताणाचा चढउतार मधला भाग लवचिकपणे सोसतो. जाड सरळ तार तो सगळा धक्का कोपरावर टाकते. तुमच्या नव्या तारा १.८ च्या आहेत म्हणून टिकल्या असं समजू नका. या वेळी कोणीतरी नीट ताण दिला, म्हणून टिकल्या.

मागच्या चाकाची अडचण आणखी वेगळी. कॅसेटमुळे, म्हणजे मागच्या गिअरच्या चकत्यांमुळे, उजवीकडच्या तारा जास्त उभ्या बसतात. त्यांना ११०-१२० किलोचा ताण दिला तरी डावीकडे बऱ्याचदा त्याच्या साठ-सत्तर टक्केच येतो. ढिली पडते ती डावी बाजू. म्हणून १४८ मिमीचा, नेहमीपेक्षा रुंद असा बूस्ट हब आणि भोकं एका बाजूला सरकवलेली रिम यांना माझ्या लेखी ३२ तारांइतकंच महत्त्व आहे, आणि त्यांनी वजन फारसं वाढत नाही.

चढवेडी, १.५ च्या तारा बांधणं सोपं नाही. निपल फिरवला की तारच पिळली जाते. पाव फेरा पुढे नेऊन थोडा मागे आणावा लागतो. घाईत बांधलेलं चाक पहिल्या फेरीत टिंग टिंग वाजतं, तो पीळ सुटल्याचा आवाज. मग आऊट आलंच. तुमचं ज्याने बांधलं त्याचा हात चांगला आहे.

निळंचाक:
सगळे ॲल्युमिनियमवरच अडलेत. कार्बन रिम घ्या, ४५० ग्रॅममध्ये ताठपणा मिळतो आणि आऊट येणं जवळपास विसरायचं. पाच वर्षं वापरतोय, माझा पाना गंजला.

सावकाश:
निळंचाक, आऊट येत नाही हे खरं. पण ॲल्युमिनियमला पोचा पडला तर स्क्रू पान्याने काठ वाकवून, ट्यूब टाकून माणूस घरी येतो. मी आलोय. कार्बनचा काठ फुटला की तो सरळ करता येत नाही, आणि तडा थरांच्या आत असेल तर वरून दिसेलच असं नाही. माझ्या मित्राच्या रिमला नखाएवढी भेग होती, टायर काढल्यावर आतून कळली. एकट्याने लांब जाणाऱ्याने हा विचार करावा. आणि कार्बनसोबत ॲल्युमिनियमचे निपल घेऊ नका, ओल लागली की आत सडतात. पितळी घेतले तर जोडीमागे चाळीसएक ग्रॅम वाढतात, वाढू देत.

दगडवाट:
तारपाना, तारांचं पटलं. दोन वर्षं मी बारीक तारांना दोष देत होतो. पण पोचा काही ढिल्या तारेने पडला नाही. तिथे हलकी रिमच कमी पडली.

तारपाना:
टायर कुठला होता? हवा किती होती?

दगडवाट:
पातळ बाजूंचा, ७०० ग्रॅमचा. हवा १.४ बार.

तारपाना:
९२ किलोला, मागे, पातळ टायरमध्ये १.४? तिथे ६०० ग्रॅमची रिमसुद्धा पोचली असती. दगड आधी टायर दाबतो, टायर संपला की मग रिमपर्यंत जातो. मागे ९५०-१००० ग्रॅमचा जाड बाजूंचा टायर आणि १.७-१.८ बार, एवढं आधी करून बघायला हवं होतं.

चढवेडी:
थांबा. टायर रिमच्याही बाहेर असतो. रिमवर १५० ग्रॅम नकोत म्हणायचं आणि त्याच्या बाहेर ३०० चढवायचे? मग हलकी रिम घेतली कशाला?

तारपाना:
रास्त प्रश्न. तुमच्यासाठी उत्तर वेगळं. ५६ किलोला ७५० चा टायर १.५ बारवर बहुतेक वाटांना पुरतो. दगडवाटांना नाही पुरत. मी गिऱ्हाइकाला आधी वजन, वाट आणि टायर विचारतो, रिमचं बोलणं शेवटी.

चढवेडी:
हे मान्य. तरी पुढचं चाक सगळ्यांनीच हलकं ठेवावं असं मी म्हणेन. तिथे कॅसेट नाही, भार कमी, आणि हँडलला फरक कळतो तो तिथलाच.

दगडवाट:
पुढची जुनी हलकी रिम अजून पडून आहे, तिला पोचा नाही. तारपाना, तिच्यात नव्या २८ तारा ओवल्या तर ताण किती ठेवू?

तारपाना:
त्या रिमला बनवणाऱ्याने दिलेली मर्यादा शोधा, त्याच्या वर जाऊ नका. पुढच्या चाकात डिस्कच्या बाजूला ताण जास्त येतो, ती बाजू मर्यादेच्या जवळ ठेवा. बांधून झालं की समांतर तारांच्या जोड्या मुठीत घट्ट आवळा, मग परत आऊट बघा. एका बाजूच्या तारा बोटाने छेडून ऐका, आवाज सारखा यायला हवा. पण त्याआधी रिम ओल्या फडक्याने पुसा आणि प्रत्येक निपलच्या भोकाभोवती उजेड पाडून बघा. केसाएवढी रेघ दिसली तर ओवू नका.