तीन हायपरव्हायजर, व्यवस्थापन एकाच ठिकाणाहून?

प्रश्न: आमची काही व्हर्च्युअल मशीन (सॉफ्टवेअरमध्ये चालणारे आभासी संगणक) व्हीएमवेअरवर, काही हायपर-व्हीवर आणि उरलेली केव्हीएमवर, म्हणजे अशी मशीन चालवणाऱ्या तीन वेगवेगळ्या हायपरव्हायजरवर आहेत, त्यांचे व्यवस्थापन एकत्र करता येईल का?

उत्तर १: लिबव्हर्ट या व्हर्च्युअल मशीन हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तिन्हींशी जोडणारे ड्रायव्हर आहेत, त्यामुळे मशीन सुरू वा बंद करणे एकाच साधनातून जमते, मात्र हायपर-व्हीसाठीची सोय केव्हीएमइतकी परिपूर्ण नाही.

उत्तर २: खरी अडचण मशीन व्हीएमवेअरवरून केव्हीएमवर हलवण्याची, म्हणजे स्थलांतराची आहे. व्हीएमडीके (व्हीएमवेअरचे डिस्क-स्वरूप) डिस्कचे क्यूकाऊ२ (केव्हीएमवर वापरले जाणारे स्वरूप) मध्ये रूपांतर सहज होते, पण व्हर्टआयओ (केव्हीएमवरील वेगवान आभासी उपकरण) डिस्क जोडलेल्या विंडोज मशीनमध्ये तिचा ड्रायव्हर आधीच घातलेला नसेल, तर ते बूट होताना निळ्या पडद्यावर अडकते. म्हणून रूपांतराबरोबर ड्रायव्हरही बसवणारे व्हर्ट-व्ही२व्ही हे साधन वापरावे, असा माझा आग्रह आहे.

प्रश्नकर्ता: मशीन न थांबवता हलवता येईल का?

उत्तर २: नाही, शेवटच्या टप्प्यात तरी ते बंद करावेच लागते, आणि त्याआधी जुने स्नॅपशॉट (मशीनच्या आधीच्या स्थितीच्या जतन केलेल्या नोंदी) मूळ डिस्कमध्ये विलीन करून घ्यावेत.