पॅरिस ऑलिम्पिक २०२४, पुरुष हॉकी: न्यूझीलंडविरुद्ध भारत ३-२, पण असं थोडक्यात किती वेळा बचावणार?

जिंकलो ना, तीन पॉइंट मिळाले ना, मग कटकट कशाला, असं म्हणताय ते आनंद म्हणून मान्य, मीपण कॅप्टन हरमनप्रीत सिंगचा ५९व्या मिनिटाचा पेनल्टी स्ट्रोक (समोर फक्त गोलकीपर असतो तो फटका) आत गेल्यावर ठाण्याच्या नौपाड्यात अख्खी बिल्डिंग उठेल एवढा ओरडलोय. पण मॅच बघून खरंच पोटात गोळा येत होता हो! ८व्याच मिनिटाला पेनल्टी कॉर्नरवर (बचाव करणाऱ्यांच्या चुकीमुळे समोरच्यांना मिळणारी गोलची संधी) गोल खाल्ला, मग मनदीपने २४व्याला बरोबरी केली, विवेक सागरने ३४व्याला लीड मिळवून दिली, आणि तिथून खेळ आपल्या हातात ठेवायचा सोडून आपण परत मागे मागे सरकलो, ५३व्याला त्यांच्या सायमन चाइल्डने २-२ केलंच. डी मध्ये, म्हणजे गोलसमोरच्या अर्धगोलात, घाईने टॅकल करायचं, बॉल पायाला लागू द्यायचा आणि फुकटचा कॉर्नर द्यायचा हे आधी थांबायला हवं. कॉर्नरला गोलकीपर धरून पाचच जण बचावाला असतात, दरवेळी आपला गोलकीपर श्रीजेश कुठून पुरणार? पॅरिस २०२४ ही त्याची शेवटची स्पर्धा, त्याला एवढं काम नका देऊ रे.

मधल्या फळीतले पासपण चुकत होते, हार्दिक आणि मनप्रीतसारखे अनुभवी लोक असताना बॉल एवढा सहज जाता कामा नये.

या मॅचनंतर सोमवारी (२९ जुलै २०२४) अर्जेंटिना, पुढे बेल्जियम आणि ऑस्ट्रेलियापण आपल्याच ग्रुपमध्ये. टोकियोचं ब्रॉन्झ याच पोरांपैकी बऱ्याच जणांनी आणलंय, त्यामुळे विश्वास आहेच. फक्त पहिल्या क्वार्टरपासून प्रेस करा, म्हणजे पुढे जाऊन समोरच्यांवर दबाव टाका.