मदत हवी आहे: स्पे कास्टिंगला कोणत्या टेपरची (निमुळतेपणाची) लाईन घ्यावी?

मंडळी, गंगाखेडला गंगेवर (आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात) स्पे कास्टिंग शिकतोय, म्हणजे नकली माशीनं मासे धरताना लाईन पूर्ण मागं न नेता समोर फेकायची पद्धत. पाठीशी उभी दरड, वर बाभळी. लाईन डोक्यावरून मागं फेकायची सोयच नाही. रॉड १३ फुटी, ८ नंबरचा, मेव्हण्यानं स्कॉटलंडहून आणलेला.

हेड (लाईनचा पुढचा जड भाग) दोन आहेत. स्कॅजिट २३ फुटी, ५७० ग्रेन, म्हणजे ३७ ग्रॅमच्या आसपास. आखूड, पुढून बोथट. भिजून जड झालेली पिसांची माशीही ओढून नेतं. पण पाण्यावर असं धपकन पडतं की काठावरची म्हैस मान वळवून बघते. दुसरं स्कँडी, ३६ फुटी, वजन मागं आणि पुढं लांब निमुळतं. उतरतं अलगद, पण डी-लूप (लाईनचा मागं होणारा D आकाराचा वळसा) भरला की अँकर (पाण्याला धरून राहिलेलं लाईनचं पुढचं टोक) सुटतो अन् माशी बाभळीत! चार गेल्या.

पुढचा टेपर बारीक म्हणून पाण्याची पकड कमी पडते, की माझाच हात घाईचा? लीडर (लाईन आणि माशी जोडणारा बारीक दोरा) सध्या ९ फुटी आहे. तो १४-१५ फूट करून भागेल का? नवीन हेड मागवलं तर घरी भांडण ठरलेलं, म्हणून आधी विचारतोय.