मदत हवी आहे: 'ऑनलाइन सेवा वापरता का?' हे विचारायचं कसं?

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापुरात समाजशास्त्रात एम.ए. करतेय. लघुप्रबंधासाठी गगनबावडा तालुक्यातल्या दोन वाड्यांत फिरतेय. गाव पुन्हा उभं राहण्यात डिजिटल सरकारी सेवांचा किती हात लागतो, असा विषय आहे. प्रश्नावलीच्या पहिल्याच पानावर अडकलेय.

"तुम्ही ऑनलाइन सरकारी सेवा वापरता का?" असं एका आजींना विचारलं. "न्हाई बाई, मला काय कळतंय त्यातलं." मी 'नाही'वर खूण केली. मग चहा होईपर्यंत गप्पांत कळलं, की त्यांच्या रेशनकार्डाची ई-केवायसी झालीय, सातबारा डिजिटल सहीचा आहे, उत्पन्नाचा दाखला आपले सरकार सेवा केंद्रातून आलाय. काही नातवानं केलं, काही केंद्रातल्या पोरानं. म्हणजे सरकारदरबारी त्या ऑनलाइन अर्जदार, आणि माझ्या वहीत 'वापरत नाहीत'. पुढच्या चार घरांत हेच झालं.

मला सगळ्यांत जास्त खटकतंय ते मोबाइल नंबरचं. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 मध्ये आला. अर्जाची पोच मिळायला हवी, सेवेला ठरलेली मुदत आहे, मुदत टळली तर पहिलं अपील, दुसरं अपील, त्यापुढे आयोग. पण अर्जावर नंबर दुसऱ्याचा असला तर मेसेज त्याला जातो. अर्ज क्रमांकच हातात नसेल तर आजी अपील कशाच्या जोरावर करणार? हा हक्क कागदावर त्यांचा आहे, आणि तो त्यांच्यापर्यंत पोचतो का हेच मला शोधायचंय.

ई-पीक पाहणीतही तेच. 2021 पासून शेतकऱ्यानं स्वतः ॲपवर पीक नोंदवायचं, शेतात उभं राहून फोटो काढायचा. मोबाइल चालवणारं पोरगं पुण्याला कामाला गेलेलं असेल तर वाडीत मागे राहिलेल्यांनी काय करायचं?

तर प्रश्न असे. वापर 'कुणाच्या हातून' होतो हे विचारायला साधे, घरगुती शब्द कुठले? बायकांशी बोलायला बसलं की उत्तरं मुलगा किंवा नवरा देतो, तिथं त्यांचं म्हणणं त्यांच्याच तोंडून कसं ऐकू? आणि जुन्या ग्रामसभांची इतिवृत्तं बघायला मिळतील का?

प्रतिसाद

ताई, मी निवृत्त ग्रामसेवक. 'सेवा' हा शब्दच काढा, शेवटचा दाखला धरा. कुठला काढला, कशाला लागला, कोण गेलं, किती खेपा झाल्या, पैसे किती दिले, नंबर कुणाचा लावला, पावती कुठं ठेवलीय. पावती दाखवा म्हणालात की खरी गोष्ट निघते. बायकांना घरात गाठू नका. बचतगटाच्या बैठकीनंतर थांबा, तिथं त्या मोकळ्या बोलतात. इतिवृत्तांसाठी विभागाचं पत्र जोडून ग्रामपंचायतीत साधा अर्ज द्या. नाहीच जमलं तर माहिती अधिकार आहे, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. केंद्रातल्या पोराचं नाव मात्र कुठं लिहू नका, गावाची अर्धी कामं त्याच्यावर चालतात.

धागाकर्ती

काका, मनापासून आभार. नाव कुणाचंच लिहिणार नाही. शनिवारी आजींकडे परत जातेय, आधी पावतीच विचारते. बचतगटाची बैठक वाडीत साधारण कुठल्या वेळेला धरतात?