मातीवरच्या शर्यतीसाठी जिप्सीचे हेड: आठ व्हॉल्व्ह की सोळा?

डिचोलीचा जिप्सीवाला:
नमस्कार मंडळी. हौशी शर्यतींसाठी १२९८ सीसीची जुनी कार्ब्युरेटरवाली मारुती जिप्सी तयार करीत आहे. मूळचे आठ व्हॉल्व्हचे (झडपांचे) हेड, म्हणजे सिलिंडरांवरचे झाकण, पोर्टिंग करून (त्यातील हवेचे मार्ग, म्हणजे पोर्ट, घासून) वापरावे, की भंगारात मिळालेले एमपीएफआय (इंजेक्शनने पेट्रोल देणाऱ्या) जिप्सीचे सोळा व्हॉल्व्हचे हेड बसवावे, हे ठरत नाही. आमच्या मेकॅनिकच्या मते पोर्ट जितके मोठे तितके बरे. ट्रॅक लहान आहे, वळणे घट्ट आहेत आणि गाडी बहुतेक वेळ दुसऱ्या गिअरमध्येच असते. पेट्रोल पंपावरचेच वापरणार आहे.

फोंडेकर:
सर्वप्रथम शर्यतीतील आपल्या गटाचे नियम वाचावेत. मूळ हेडच हवे अशी अट असेल तर प्रश्न तिथेच मिटतो.

अट नसली तरी मेकॅनिकचे म्हणणे मला पटत नाही. पोर्ट मोठे केले की इंजिनाच्या वरच्या फेऱ्यांत (आरपीएम) हवा जास्त जाते, पण खालच्या फेऱ्यांत तिचा वेग मंदावतो, सिलिंडर नीट भरत नाही आणि वळणातून बाहेर पडताना, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हाच, गाडी ओढत नाही. सैल मातीवर तर एकदम उसळणाऱ्या ताकदीने चाके नुसती फिरतात. आठ व्हॉल्व्हच्या जिप्सीची शक्ती सुमारे ६० आणि सोळावालीची सुमारे ८० अश्वशक्ती, हे खरे. मात्र त्या फरकात इंजेक्शनचाही वाटा आहे, तो सगळा हेडच्या खात्यावर मांडू नये.

आपल्या ट्रॅकसाठी मी आठ व्हॉल्व्हचेच हेड ठेवीन. पोर्टची रुंदी न वाढवता सीटच्या (व्हॉल्व्ह बसतो त्या कड्याच्या) लगतच्या खालच्या भागातील कडा गुळगुळीत कराव्यात, सीट ३०, ४५ आणि ६० अंशांत कापून घ्याव्यात आणि मॅनिफोल्डचे (हेडला जोडलेल्या हवेच्या नळ्यांचे) तोंड पोर्टशी जुळवावे. खर्चाच्या मानाने खरा फायदा इथेच मिळतो.

वेर्ण्याचा लेथवाला:
फोंडेकरांशी सहमत. कोणतेही हेड घेतले तरी आधी ते दाबाखाली तपासून घ्या. आपल्याकडे कूलंटऐवजी विहिरीचे पाणी ओतण्याची खोड जुनी आहे, त्यामुळे ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये पाण्याच्या भोकांच्या कडा खाल्लेल्या आढळतात आणि गॅस्केट तिथेच दगा देते. पट्टी आणि फीलर गेजने (फट मोजण्याच्या पातळ पात्यांनी) सपाटी पाहा, ०.०५ मिमीपेक्षा जास्त फरक असल्यास फेसिंग (पृष्ठभाग घासून सपाट करणे) करावे लागेल.

फेसिंग करून कॉम्प्रेशन (मिश्रण दाबले जाण्याचे प्रमाण) वाढवण्याचा मोह मात्र हिशेबाने आवरावा. ७४ मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि ७५.५ मिमी स्ट्रोक (पिस्टनची चाल) धरता एका सिलिंडरचे आकारमान सुमारे ३२५ सीसी होते. ९ चे प्रमाण हवे असेल तर पिस्टनच्या वर ४०.६ सीसी जागा उरते, १० साठी ३६.१ सीसी, ही साडेचार सीसी केवळ फेसिंगने काढायची म्हणजे एक मिलिमीटरहून जास्त धातू जाईल. शिवाय हेड खाली आले की बेल्टच्या मांडणीमुळे कॅमचे (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचे) टायमिंग मागे पडते, ते जुळवता येणाऱ्या पुलीने सुधारावे लागते.

डिचोलीचा जिप्सीवाला:
आभारी आहे. सोळावाले हेड पुढे कधी बसवायचे झाले, तर कार्ब्युरेटरवर चालेल का?

फोंडेकर:
चालेल, पण मॅनिफोल्ड बनवून घ्यावे लागेल आणि जेटिंग (कार्ब्युरेटरमधील पेट्रोलच्या छिद्रांची जुळणी) नव्याने करावे लागेल. पिस्टनच्या माथ्यावर मऊ चिकणमाती लावून, इंजिन हळूच हाताने फिरवून माथा व व्हॉल्व्ह यांतील अंतर मोजल्याशिवाय ते सुरू करू नका.